रांगत्या बाळाच्या उंचीवरून: एका तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

आज काम सुरू झालं. दवाखान्यात बसायच्या जागी आणि पाळणाघरात लावायचा एक मोठा तक्ता, सोबत घरी नेता येईल अशी सोळा पानी पुस्तिका. विषय: भोवतालच्या परिसरातले धोके आणि मुलांचं आरोग्य. आम्ही तिघं आहोत. मजकूर माझा, तपासणी डॉक्टरबाईंची (त्या बालरोगतज्ज्ञ आहेत), चित्रं आमच्या चित्रकार मित्राची. हाताशी दहा आठवडे.

पहिला आराखडा सहा रकान्यांचा केला: हवा, पाणी, धातू, कीटकनाशकं, उष्णता, आवाज. माथ्यावर मोठ्या अक्षरांत जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली दिलेला आकडा टाकला: अनारोग्यकारक परिसरामुळे दरवर्षी पाच वर्षांखालची १७ लाख मुलं दगावतात, म्हणजे या वयातल्या एकूण मृत्यूंच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. संध्याकाळी कागद भिंतीला लावला आणि लांब उभी राहून पाहिला. आकडा अंगावर येतो. पण ज्या बाईच्या कडेवर तापलेलं मूल आहे, तिला त्यातून स्वतःच्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. राहू दे सध्या.

६ फेब्रुवारी

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी दर किलोमागे हिशेब मांडून बघ, मग बोलू." तोच करत बसले.

सहा महिन्यांच्या आतलं, वरच्या दुधावरचं बाळ दिवसाला किलोमागे साधारण १५० मिलिलिटर दूध पितं. पाच किलोचं बाळ असेल तर ७५० मिलिलिटर. साठ किलोचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी प्यायला, तर किलोमागे जेमतेम ३३ मिलिलिटर. दुधाची पावडर ज्या पाण्यात कालवली त्यात काही नको ते असेल, तर बाळाच्या वाट्याला ते मोठ्यांच्या साडेचारपट येतं. श्वासाचंही तसंच. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, मोठा माणूस १२ ते २०.

हे झालं आत किती जातं त्याबद्दल. आत गेलेल्यातलं शरीर किती ठेवून घेतं, हा हिशेब वेगळाच निघाला. पोटात गेलेलं शिसं लहान मुलाचं आतडं मोठ्यांच्या चार ते पाचपट शोषून घेतं. कारण साधं आहे. वाढत्या हाडांना कॅल्शियम हवं असतं, म्हणून आतडं ते ओढून घेण्यात पटाईत असतं, आणि शिसं कॅल्शियमच्या वेषात आत शिरतं. मुलाच्या अंगात लोह कमी असेल तर आणखीच शिरतं. म्हणजे ज्या मुलाचं आधीच नीट पोषण होत नाही, त्याच्याच पदरात विषही जास्त पडतं. हे वाक्य लिहून झाल्यावर मी थोडा वेळ उठून गेले.

११ फेब्रुवारी

आज एका पाळणाघरात गेलो, परवानगी काढून. चित्रकाराला चित्रं काढायची होती आणि मला मोजमाप घ्यायचं होतं. मोजपट्टी घेऊन मी सरळ जमिनीवर बसले, मग पोटावर पडले. रांगतं बाळ मान वर करतं तेव्हा त्याचं नाक जमिनीपासून वीतभर, फार तर दीड वीत उंचीवर असतं. तिथून काय दिसतं ते वहीत उतरवलं. दाराजवळ चपलांबरोबर आलेली माती. खिडकीच्या खालच्या पट्टीवरचे रंगाचे पोपडे, जे उभ्या माणसाला दिसतच नाहीत. कोपऱ्यात डास मारायच्या औषधाचा फवारा, खाली फरशीवर. मोरीत फिनेल, आणि ते पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं. केर काढताना उडालेली धूळ उन्हाच्या तिरपेत दिसत होती, आणि ती नेमकी याच उंचीवर रेंगाळत होती.

मुलांचे हात मोजायला जमलं नाही, पण एका दहा महिन्यांच्या बाळाकडे पाच मिनिटं घड्याळ लावून पाहिलं. सात वेळा हात तोंडात गेला. दोनदा खेळणं. एकदा माझ्या मोजपट्टीचं टोक.

परत येताना चित्रकार म्हणाला, "तुझे सहा रकाने मोठ्या माणसांचे आहेत. त्या बाळाला हवा वेगळी, पाणी वेगळं, धातू वेगळा, असं थोडंच असतं? त्याला एकच जागा आहे. जमीन."

हे मला पटलं. रात्री सगळा आराखडा मोडला.

१२ फेब्रुवारी

नवी मांडणी वयाप्रमाणे. पोटात. कुशीत (पहिले सहा महिने). जमिनीवर (रांगण्यापासून दोन वर्षांपर्यंत). दारात (दोन ते सहा). वर्गात (सहा ते बारा). पाचच पट्टे, डावीकडून उजवीकडे. तेच शिसं दोन पट्ट्यांत येईल, पण दोन्हीकडे वेगळ्या कारणानं. तक्त्याच्या माथ्यावर १७ लाखांच्या जागी एक प्रश्न: "तुमचं मूल किती महिन्यांचं आहे?" डॉक्टरबाईंनाही हे आवडलं. त्या म्हणाल्या, तपासताना त्याही आधी हेच विचारतात.

२० फेब्रुवारी

पहिला पट्टा, "पोटात". याला आठवडा गेला आणि तो वाया गेला असं वाटत नाही.

जपानमधलं मिनामाता. किनाऱ्यावरच्या रसायन कारखान्याचं सांडपाणी समुद्रात जात होतं. त्यातला मिथिल पारा (पाऱ्याचं अतिविषारी रूप) माशांत साठत गेला, आणि मासे खाणाऱ्यांत. आधी मांजरं झिंगल्यासारखी नाचू लागली, मरू लागली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी मज्जासंस्थेच्या अनोळखी आजाराचे रुग्ण आढळल्याचं आरोग्य केंद्राला कळवलं. पहिल्या रुग्णांत पाच वर्षांची एक मुलगी होती, आणि पाठोपाठ तिची धाकटी बहीण. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यानंतरचा भाग कमी ठाऊक आहे. त्याच गावांत जन्मापासून हातपाय वाकडे असलेली, मान न धरणारी बाळं दिसू लागली, आणि त्यांच्या आया मात्र बऱ्याचदा धडधाकट होत्या. वार (गर्भाशयातला, बाळाला नाळेनं जोडलेला अवयव) बाळापर्यंत विष पोचू देत नाही, अशी तेव्हा वैद्यकात समजूत होती. त्यामुळे जन्मजात दोष म्हणून ही मुलं बाजूला ठेवली गेली. १९६२ साली मान्य झालं, की पारा वारेतून गेला होता. आईच्या अंगातलं विष बाळानं ओढून घेतलं होतं.

जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ आठवण म्हणून जपून ठेवायची पद्धत आहे. डॉक्टर हारादा मासाझुमी यांनी या जपलेल्या नाळा मिळवून तपासायला दिल्या, आणि त्यांत मिथिल पारा सापडला. आयांनी मायेनं कापसात ठेवलेली वस्तूच पुरावा झाली.

कारखान्याचं ते सांडपाणी थांबलं १९६८ साली. पाऱ्यावरचा मिनामाता करार झाला २०१३ मध्ये आणि लागू झाला २०१७ मध्ये. तक्त्यावर एवढं मावणार नाही. चित्रकारानं एक छोटी लाकडी पेटी आणि तिच्यात नाळ, एवढंच काढलंय, खाली दोन ओळी. मला वाटतं पुरे.

२२ फेब्रुवारी

नाळेवरून दात आठवले. मुलांच्या शरीरानं ठेवलेल्या नोंदी, असं एक पान पुस्तिकेत असायलाच हवं.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले गेले. वातावरणातल्या अणुचाचण्यांमधून पडणारं स्ट्रॉन्शियम ९० हे किरणोत्सारी द्रव्य गवतावर, गवतातून गाईच्या दुधात, दुधातून मुलांच्या दातांत उतरतं का, हे पाहायचं होतं. तेही कॅल्शियमच्याच वेषात येतं. तीन लाखांच्या आसपास दात जमले. दात देणाऱ्या मुलाला बिल्ला मिळायचा. डॉक्टर लुईस राईस यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत चाचण्यांबरोबर दातांतलं प्रमाण चढत गेलेलं स्पष्ट दिसत होतं. १९६३ साली जमिनीवरच्या, हवेतल्या आणि पाण्याखालच्या अणुचाचण्या थांबवणारा करार झाला.

दुसरे दात हर्बर्ट नीडलमन या अमेरिकी डॉक्टरांनी तपासलेले. बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि समरव्हिल इथल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे. त्यांनी दातांतलं शिसं मोजलं आणि शिक्षकांना, कुठल्या मुलाच्या दातात किती ते न सांगता, वर्गातल्या वागण्याबद्दल विचारलं. लक्ष लागत नाही, सांगितलेलं पूर्ण करता येत नाही, चटकन भडकतो. जसजसं शिसं जास्त तसतशा या तक्रारी जास्त. बुद्धिमापनातही फरक. हे १९७९ साली छापून आलं. यातल्या एकाही मुलाला शिशाच्या विषबाधेचा रुग्ण म्हणून कुणी ओळखलं नव्हतं. ती फक्त "दंगेखोर" नाहीतर "मंद" होती.

या शेवटच्या वाक्यासाठी मी हे पान भांडून ठेवून घेणार आहे.

२७ फेब्रुवारी

"जमिनीवर" हा पट्टा. शिसं इथे खरं घर करून बसलेलं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली लिहून ठेवलं होतं, की मुलांना होणारी विषबाधा व्हरांड्याच्या कठड्यांवरच्या रंगातून होते. उन्हानं रंगाची भुकटी होते, ओल्या बोटांना चिकटते, बोटं तोंडात जातात. सगळं त्यात होतं: कारण, वाट, उपाय. तिथल्या क्वीन्सलँड प्रांतानं मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग वापरायला १९२२ साली कायद्यानं बंदी केली. अमेरिकेत घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ साली. मधली वर्षं मी दोनदा मोजली. गिब्सन यांच्या लेखापासून ७४.

अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलाच्या रक्तात डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालतं असं धरलं जाई. १९८५ साली ही हद्द २५ वर आली, १९९१ साली १० वर, २०१२ साली ५ वर, २०२१ साली ३.५ वर. डॉक्टरबाईंनी इथे तांबडी खूण केली: "३.५ म्हणजे सुरक्षित असं कुणी वाचता कामा नये." ती हद्द तिथल्या मुलांमधली सर्वांत जास्त शिसं असलेली अडीच टक्के मुलं ओळखण्यासाठी आहे. शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण आजवर सापडलेलं नाही. वाक्य बदललं.

हे लिहिताना मी आमच्याच घरात जाऊन पोचले. लेक आठ-नऊ महिन्यांची होती तेव्हा आम्ही जुन्या खिडक्या खरवडून पुन्हा रंगवल्या. कोरड्या पॉलिश कागदानं, दोन दिवस. ती शेजारच्या खोलीत रांगत होती आणि दार उघडंच होतं. मला धूळ दिसत होती, मी ती झाडूनच काढत होते. त्या रंगात शिसं होतं की नाही, आता कळायला मार्ग नाही. मला कुणी सांगितलं असतं तर मी तिला दोन दिवस आईकडे ठेवलं असतं. एवढंच करायचं होतं.

पुस्तिकेत रंगकामाला अर्धं पान होतं. आता पूर्ण पान.

५ मार्च

आज माझी मोठी चूक सापडली. सविस्तर लिहून ठेवते.

"कुशीत" पट्ट्यात मी लिहिलं होतं: "बाळासाठी पाणी नेहमी दहा मिनिटं उकळा." डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं?" मी म्हटलं, कुठलंही. त्या म्हणाल्या, "मग आयोवातली बाळं वाच."

वाचलं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉमली यांनी निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांची हकिगत लिहिली. ओठ, नखं, अंग निळं, पण हृदय ठीक, फुप्फुसं ठीक. घरच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट नावाचा क्षार होता आणि बाळाचं दूध त्याच पाण्यात बनत होतं. पोटातले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि तान्ह्या बाळाच्या जठरात आम्ल कमी असल्यानं त्या जंतूंना मोकळं रान मिळतं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप असं बदलतं, की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पोटात असतानाचं हिमोग्लोबिन बाळाच्या अंगात अजून शिल्लक असतं, ते आणखी लवकर बदलतं, आणि ते पुन्हा मूळ रूपात आणणारं विकर (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) या वयात पुरेसं नसतं. घरातली बाकी माणसं तेच पाणी पीत होती, त्यांना काही झालं नव्हतं.

आणि मुद्दा हा: उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. म्हणजे ते आणखी दाट होतं. माझा तक्ता वाचणारी आई जितकी काळजीवाहू, जितका वेळ उकळणारी, तितकं तिच्या बाळाचं दूध वाईट. मी हे तक्त्यावर छापणार होते.

दुरुस्त मजकूर: जंतूंसाठी पाणी उकळा, उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. विहिरीचं किंवा कूपनलिकेचं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधासाठी वापरायचं असेल तर आधी नायट्रेट तपासून घ्या. लिटरला ५० मिलिग्रॅमहून जास्त असेल तर ते पाणी बाळासाठी नको, उकळूनही नको. ओठ, नखं निळसर दिसली तर वाट बघू नका, लगेच रुग्णालय.

अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने वरचं पाणी लागतच नाही, हेही त्याच चौकटीत घातलं.

६ मार्च

कालच्या चुकीनंतर सगळे "काय करा" पुन्हा तपासले. आणखी तीन सापडले.

"जुना रंग खरवडून काढा." नाही. घट्ट बसलेला रंग बंद करून वरून नवा देणं बरं. काढायचाच असेल तर ओला करून, मुलाला आणि गरोदर बाईला घराबाहेर ठेवून. कोरडं घासणं सर्वांत वाईट.

"थर्मामीटर फुटला तर लगेच झाडून घ्या." नाही. झाडूनं पाऱ्याचे गोळे फुटून बारीक होतात आणि वाफ वाढते. मुलाला खोलीबाहेर न्या, खिडक्या उघडा, गोळे जाड कागदाच्या कडेनं एकत्र करा. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको.

"रोज दोनदा केर काढा." कोरडा केर धूळ नाकापर्यंत उचलतो. ओल्या फडक्यानं पुसा, चपला दाराबाहेर काढा, बाळाचे हात खाण्याआधी धुवा. ही तीन कामं जवळपास सगळ्या धुळीला लागू पडतात, म्हणून ती पट्ट्याच्या अगदी वर.

१३ मार्च

हवा. याची सामग्री इतकी आहे की निवडणंच कठीण.

शेवटी एकच अभ्यास घेतला, कारण त्यात वाईट बातमी आहे आणि चांगलीही. अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा वस्त्यांमधल्या मुलांची फुप्फुसं दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत दर वर्षी फुंकून मोजली. २००४ साली निष्कर्ष आला. सूक्ष्म धूलिकण सर्वांत कमी असलेल्या वस्तीत अठराव्या वर्षी फुप्फुसांची ताकद चिंता वाटावी इतकी कमी असलेली मुलं १.६ टक्के, सर्वांत जास्त धूलिकण असलेल्या वस्तीत ७.९ टक्के. फुप्फुसं वाढायचं वय तेवढंच. तेव्हा राहिलेली उणीव पुढे भरून निघत नाही. पण तिथे वाहनांवर, इंधनावर निर्बंध आले, हवा सुधारली, आणि पुढच्या पिढीतल्या मुलांची फुप्फुसं त्यांतल्याच पाच वस्त्यांत जास्त वाढली. हे २०१५ साली छापलं गेलं. मला हे फार मोलाचं वाटतं. हवा साफ झाल्यावर मुलांच्या छातीत फरक पडलेला मोजून दाखवता आला.

लंडनमधली एला अडू-किसी-डेब्रा ही मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्यानं गेली. नऊ वर्षांची होती, वाहत्या रस्त्याजवळ राहायची. आईनं पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्युचौकशीत हवेचं प्रदूषण हे मृत्यूचं एक कारण म्हणून नोंदलं गेलं. तिच्या आईला मुलगी जिवंत असताना ही शक्यता कुणी सांगितलीच नव्हती. म्हणून "दारात" पट्ट्यात ही ओळ आली: घरघर, रात्रीचा खोकला, वारंवार दम लागणं असेल तर डॉक्टरांना सांगताना घर कुठल्या रस्त्यावर आहे, घरात धूर कशाचा होतो, कोण ओढतं, हेही सांगा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि आम्ही विचारत नसू तर तुम्ही आपणहून सांगा, हेही लिही." लिहिलं.

१८ मार्च

उष्णतेला दोन ओळी. वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्र जास्त, म्हणून तान्हं बाळ लवकर तापतं. उन्हातली बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच बरीचशी तापून घेते आणि काच जराशी उघडी ठेवून काही उपयोग होत नाही. गाडीत मूल एक मिनिटही एकटं नको.

चेर्नोबिल काढलं. १९८६ च्या अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन दुधातून मुलांच्या कंठग्रंथीत गेलं आणि पुढे हजारो जणांना तिथला कर्करोग झाला, हे खरं आहे, पण दवाखान्यात बसलेल्या माणसाला त्याचं आज काही करता येत नाही. चित्रकार हळहळला. गाय, गवत आणि बाटलीचं त्याचं चित्र फार सुंदर होतं.

२५ मार्च

"वर्गात" पट्ट्यासाठी आवाज. आधी मला हा विषय बाकीच्यांपुढे किरकोळ वाटत होता.

न्यूयॉर्कमधली एक शाळा, शेजारून उंचावरून जाणारी रेल्वे. दर साडेचार मिनिटांनी गाडी गेली की बाई शिकवायच्या थांबायच्या. मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी रुळांकडच्या वर्गांतली आणि पलीकडच्या शांत बाजूच्या वर्गांतली मुलं ताडून पाहिली. शाळा तीच, मुलं त्याच वस्तीतली. रुळांकडची मुलं सहावीपर्यंत वाचनात जवळपास वर्षभर मागे पडलेली. हे १९७५ साली. मग रेल्वेनं रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं बसली. १९८१ साली पुन्हा तपासलं तर दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीत होती.

२ एप्रिल

कच्ची प्रत घेऊन पाळणाघरात अकरा पालक आणि तिथल्या दोघी ताई यांच्यासमोर बसलो. चुका सापडतील म्हणून गेलो होतो. सापडल्या दोनच, दोन्ही शब्दांच्या. "विकर" कुणालाच कळलं नाही, काढून टाकलं. "सूक्ष्म धूलिकण" कळलं, पण आकार कळेना. केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट बारीक असं लिहिलं.

पण एक आजी नातवाला मांडीवर घेऊन जमिनीचा पट्टा वाचत होत्या, वाचून झाल्यावर त्यांनी त्याचे हात पदरानं पुसले, आणि मग पुसतच राहिल्या. शेजारची तरुण आई म्हणाली, "ताई, हे वाचून असं वाटतं की सगळं आमच्याच हातून बिघडलंय." मला काही बोलता आलं नाही. खिडक्या खरवडल्याची आठवण झाल्यावर मला स्वतःला तसंच वाटलं होतं, आणि तेच मी न कळत तक्त्यात उतरवलं होतं.

डॉक्टरबाईंनी तिला उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "पेट्रोलमधलं शिसं कुठल्या आईनं फडक्यानं पुसलं? ते काढावं लागलं." मोटारींसाठी शिसं घातलेलं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते बंद झालं २०२१ च्या जुलैमध्ये. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची युक्ती १९२१ सालची. शंभर वर्षं.

४ एप्रिल

प्रत्येक पट्टा आडवा दुभागला. वरचा भाग "घरात करता येईल ते", खालचा "मागायला हवं ते". वरती ओलं फडकं, धुतलेले हात, बाहेर काढलेल्या चपला, घरात कुणीही न ओढणं. खाली नायट्रेटची तपासणी, रंगातल्या शिशाची तपासणी, शाळेजवळून वाहनं दूर, वर्गाला आवाज शोषणारं छत, मुलाच्या रक्तातलं शिसं मोजायची सोय. आधी सगळा भार वरच्या भागावर होता. आता खालचा भाग जरा मोठाच झाला आणि मी तो कमी केला नाही. रुळांखालच्या रबराच्या गाद्यांचं चित्र खालच्या भागात अगदी मध्यभागी आलं आहे.

नीडलमन यांच्या दातांचं पान टिकलं. भांडावं लागलं नाही.

१० एप्रिल

छपाईचा नमुना आला. रंग छान उतरलेत. जमिनीच्या पट्ट्यात ३.५ चा बिंदू गायब. "३५" छापलंय. म्हणजे पन्नास वर्षांत खाली आलेली हद्द एका बिंदूनं पुन्हा वर गेली असती आणि कुणी पालक तिशीतला अहवाल हातात घेऊन निश्चिंत घरी गेला असता.

दुपारी डॉक्टरबाई आणि मी समोरासमोर बसलो. त्यांनी मूळ प्रतीतला आकडा मोठ्यानं वाचायचा, मी नमुन्यातला. एकूण ४१ आकडे. मग जागा बदलून पुन्हा एकदा. "५० मिलिग्रॅम" आणि "सहा महिने" पाच-पाच वेळा. दुसरी चूक निघाली नाही. आता तो आकडा अक्षरांतही लिहिलाय: साडेतीन. दुरुस्त नमुना सोमवारी येईल, तोही असाच वाचायचा.